साथ आली तरी डोळ्यांची ओपीडी चालू कशी ठेवायची

करोना जाऊन आता बरीच वर्षं झाली, मास्क कपाटात गेले, स्लिट लॅम्पच्या (डोळा जवळून मोठा करून बघायच्या मशीनच्या) पुढचे प्लास्टिकचे पडदे पण बऱ्याच जणांनी काढून टाकले, म्हणूनच हे आत्ता लिहितोय, कारण पुढची साथ येईल तेव्हा तहान लागल्यावर विहीर खणायला वेळ मिळणार नाही. मी तालुक्याच्या गावी डोळ्यांची प्रॅक्टिस करतो. एक ओपीडी, एक छोटी ओटी (ऑपरेशनची खोली), नंबर तपासणारा एक ऑप्टोमेट्रिस्ट, दोन सिस्टर आणि एक मावशी, एवढाच संसार. त्यामुळे खाली जे आहे ते अशाच सेटअपसाठी आहे, नव्याने प्रॅक्टिस सुरू केलेल्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या स्टाफने सुद्धा वाचावं.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. साथीत आपल्यापुढे दोन धोके असतात. एक म्हणजे संसर्ग, पेशंटकडून आपल्याला आणि आपल्याकडून पेशंटला, आणि दुसरा म्हणजे घाबरून किंवा गाडी मिळत नाही म्हणून घरी बसलेल्या माणसाचा कायमचा गेलेला डोळा. २५ मार्च २०२० पासून लॉकडाऊन लागला तेव्हा सगळ्यांचं लक्ष पहिल्या धोक्याकडे गेलं, ते साहजिक पण होतं, पण एसटी बंद, जिल्ह्याबाहेर जायचं तर ई-पास, मोतीबिंदूची शिबिरं बंद, आणि त्यात कित्येक दवाखान्यांना कुलूप, याचा हिशोब पुढे सहा-आठ महिन्यांनी समोर आला. पिकून फुगलेले मोतीबिंदू आणि त्यापायी वाढलेलं डोळ्याच्या आतलं प्रेशर, थेंब संपले म्हणून महिनोन्महिने काहीच न टाकलेले काचबिंदूचे पेशंट, पूर्ण सुटून आकसलेले डोळ्याच्या आतले पडदे (रेटिना). काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही हे आपण सगळे रोज पेशंटला सांगतो, मग दवाखाना बंद करताना पण ते आठवायला पाहिजे. माझं ठाम मत आहे की साथीत डोळ्यांच्या डॉक्टरचं पहिलं काम म्हणजे कुणाचा डोळा थांबू शकतो आणि कुणाचा नाही हे ठरवणं, बाकी सॅनिटायझर, शील्ड, पीपीई हे सगळं त्या कामासाठी.

आणि आपल्याला धोका आहे का, तर आहेच. वुहानच्या सेंट्रल हॉस्पिटलमधले डॉ. ली वेनलियांग आपल्याच शाखेचे, नेत्रतज्ज्ञ. ३० डिसेंबर २०१९ ला त्यांनी सहकारी डॉक्टरांना ग्रुपवर सावध केलं आणि ७ फेब्रुवारी २०२० ला वयाच्या ३३ व्या वर्षी ते करोनानेच गेले. स्वतःला लागण एका काचबिंदूच्या पेशंटकडून झाली असावी असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्या पेशंटला तेव्हा कसलंच लक्षण नव्हतं. म्हणजे गेटवर ताप बघून कुणाला आत घ्यायचं हे ठरवलं की झालं, असं नाही. स्लिट लॅम्पवर पेशंटच्या आणि आपल्या नाकात जेमतेम दोन वीत अंतर, खोली अंधारी आणि बंद, वर एसी चालू. दातांचे आणि नाक-कान-घशाचे डॉक्टर सोडले तर इतक्या जवळून दिवसभर कोण काम करतं?

फोनवरची चाळणी

एक मोबाइल फक्त याच कामाला ठेवा. त्याचा नंबर गेटवर, आजूबाजूच्या मेडिकलवर, ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, आशाताईंकडे, सगळीकडे गेला पाहिजे. फोन सिस्टरने घ्यायचा आणि तिच्यासमोर भिंतीवर प्रश्नांचा कागद चिकटवलेला असावा, साध्या बोलीतले प्रश्न: कधीपासून होतंय, एका डोळ्याला की दोन्ही, दुखतंय का, दिसायला कमी झालंय का, काही लागलं-उडालं का, आधी ऑपरेशन किंवा इंजेक्शन झालंय का, दुसऱ्या डोळ्याने नीट दिसतं का. शेवटचा प्रश्न कुणी विसरू नये, कारण एकाच डोळ्यावर जगणाऱ्या माणसाची प्रत्येक तक्रार एक पायरी वर चढवायची असते.

आजच्या आज बोलवायचे ते असे. डोळ्यात चुना, ॲसिड, सिमेंट गेलेलं. मार लागून डोळा फाटलेला. अचानक नजर गेलेली. डोळ्यासमोर चमका आणि काळे ठिपके येऊन एका बाजूने पडदा ओढल्यासारखं होणं. लाल डोळा, असह्य डोकेदुखी, उलट्या आणि दिव्याभोवती रंगीत कडी. बुबुळावर पांढरा ठिपका, त्यातून शेतात पातं लागल्याचं सांगत असतील तर नक्कीच. अचानक एकाचे दोन दिसायला लागणं. ऑपरेशन किंवा डोळ्यातल्या इंजेक्शननंतर दुखणं वाढून दिसायला कमी होणं, याला तर रात्री सुद्धा बोलवा. लहान मुलाच्या बाहुलीत पांढरी चमक दिसते असं आई सांगत असेल तर एक-दोन दिवसांत बघाच, त्यात पडद्याचा कॅन्सर असू शकतो. चष्म्याचा नंबर, खाज, रांजणवाडी, एक डोळा चांगला असलेला साधा मोतीबिंदू, वाचताना डोळे थकणं, हे फोनवर सांभाळता येतं किंवा थांबू शकतं.

चुन्याबद्दल जरा थांबून सांगतो, कारण हे आपल्याकडचंच दुखणं आहे. तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी किंवा ट्यूब लहान पोरं खेळायला घेतात, दाबतात, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात. असा फोन आला की सिस्टरने नाव-पत्ता विचारत बसायचं नाही, पहिलं वाक्य हेच, की आत्ताच्या आत्ता पोराचा डोळा नळाखाली धरा, पापण्या उघड्या ठेवून चांगलं अर्धा तास पाणी जाऊ द्या, मग गाडी काढा. दवाखान्यात आल्यावर पण तसंच, ताप, ऑक्सिजन, फॉर्म सगळं नंतर. आधी भूल देणारे थेंब, मग सलाइन किंवा रिंगर लॅक्टेटची बाटली लावून धुवायचं, वरची पापणी दोनदा उलटून आत खोलवर चिकटलेले चुन्याचे कण कापसाच्या काडीने काढायचे. कण राहिला तर तो तिथे बसून जाळत राहतो. साथीच्या नियमात हा एक पेशंट कुठे अडकता कामा नये.

घरच्या घरी नजर तपासायला तक्ता लागत नाही. कालनिर्णय बहुतेक घरांत भिंतीवर असतंच, दहा फुटांवर उभं राहून एक डोळा तळहाताने झाकायचा, बोटांनी दाबायचा नाही, आणि तारखेचे मोठे आकडे, मग त्याखालची बारीक अक्षरं कुठपर्यंत दिसतात ते बघायचं, दर आठवड्याला त्याच जागेवरून. आकडा किती दिसला याला फार महत्त्व नाही, मागच्या आठवड्यापेक्षा कमी दिसलं का हे महत्त्वाचं. पडद्याचा त्रास असलेल्यांना सांगायचं की बाथरूमच्या टाइल्सच्या किंवा खिडकीच्या गजांच्या रेषा एकेका डोळ्याने बघा, सरळ रेष वाकडी दिसायला लागली की फोन करा.

फोटो मागवताना नीट सांगा, नाहीतर आठ फोटो येतात आणि एकातही डोळा दिसत नाही. पेशंटचं तोंड खिडकीकडे, फोटो दुसऱ्याने काढायचा, मागच्या कॅमेऱ्याने, हातभर अंतरावरून, एक समोर बघताना, एक वर आणि एक खाली बघताना, आणि एक दोन्ही डोळ्यांचा मिळून. शेवटच्या फोटोत पापणी पडलीये का, एक डोळा पुढे आलाय का हे कळतं. फोटोवरून लाली, पापणीची सूज, रांजणवाडी, बुबुळावरचा पांढरा डाग कळतो, प्रेशर आणि पडदा कळत नाही, तेवढी मर्यादा स्वतःला आणि पेशंटला दोघांना माहीत पाहिजे. केंद्र सरकारने टेलिमेडिसिनचे नियम २५ मार्च २०२० ला काढले आणि एप्रिलमध्ये ई-संजीवनी ओपीडी सुरू झाली, त्यामुळे फोनवरून औषध लिहून देणं नियमात बसतं, फक्त आपला रजिस्ट्रेशन नंबर, तारीख, पेशंटचं वय, तक्रार आणि काय सांगितलं याची नोंद ठेवा. काचबिंदूवाल्यांना मात्र एका महिन्याची चिठ्ठी देऊ नका, तीन महिन्यांची द्या, आणि एक कंपनी मिळाली नाही तर त्याच औषधाचं दुसरं चालेल हे चिठ्ठीवरच लिहा.

जवळच्या मेडिकलवाल्यांना पण स्वतः फोन करा. डॉक्टर मिळत नाही म्हटल्यावर लाल डोळ्याचा माणूस तिथेच जातो, आणि समोरच्याने चांगल्या मनाने दिलेले थेंब बऱ्याचदा स्टेरॉइडचे असतात. उसाचं पातं लागून बुबुळावर बुरशीची जखम झालीये आणि त्यात स्टेरॉइड गेलं, तर दोन-तीन दिवस बरं वाटतं आणि मग बुबुळ वितळायला लागतं. लॉकडाऊनमध्ये शेतीची कामं चालूच होती, म्हणजे पातं लागणं पण चालूच होतं. त्यांना एवढंच सांगायचं, लाल डोळ्याला स्टेरॉइड देऊ नका, आमचा नंबर द्या. ऐकतात, मनापासून ऐकतात.

गर्दी आणि बाहुली मोठी करायचे थेंब

डोळ्यांच्या दवाखान्यात गर्दी होते ती तपासणीमुळे नाही, थेंब घालून बसवल्यामुळे. तपासायला दहा मिनिटं आणि बाहुली मोठी व्हायला अर्धा-पाऊण तास, शुगर असेल तर त्याहून जास्त, म्हणजे एका वेळी दहा-बारा माणसं बाकावर डोळे मिटून एकमेकांना खेटून, आणि प्रत्येकाबरोबर एक नातेवाईक. साथीत हे चालणार नाही. आधी ठरवा की या पेशंटला डायलेट करायची खरंच गरज आहे का, दरवेळी सवयीने करू नका. करायचं असेल तर डोळ्याचा अँगल अरुंद नाही ना ते बघून थेंब घाला आणि अंगणात, झाडाखाली, त्यांच्या गाडीत, रिक्षात बसायला सांगा, वेळ झाली की मोबाइलवर बोलवा. बीपी-हार्टवाल्यांना फिनाइलेफ्रिनचे थेंब नकोत, नुसते ट्रोपिकामाइडचे. येताना सोबत कुणीतरी असावं हे आदल्या दिवशीच सांगायचं, मोठी बाहुली घेऊन कुणी उन्हात मोटरसायकल चालवत घरी जाऊ नये.

थेंब घालायची पद्धत स्टाफला करून दाखवा, तोंडी सांगून भागत नाही. पेशंट खुर्चीत, मान मागे, नजर छताकडे. सिस्टर पेशंटच्या बाजूला किंवा मागे उभी, समोर नाही. खालची पापणी नव्या टिश्यूने ओढायची, बाटलीचं तोंड पापणीच्या केसांपासून बोटभर वर. थेंब पडला की तो टिश्यू पेशंटच्याच हातात, पुसून त्यानेच डब्यात टाकायचा, आणि सिस्टरने हात सॅनिटाइझ करून मगच पुढचा. टोक चुकून पापणीला लागलं तर ती बाटली फेकायची, अर्धी भरलेली असली तरी. हा नियम खरं तर कायमचाच पाहिजे.

ज्यांना दिसत नाही अशा पेशंटचा वेगळा विचार करा. अंतर ठेवा, खुणेवर उभे राहा, या पाट्या त्यांना वाचता येत नाहीत, ते भिंत, बाक, कठडा चाचपडत येतात आणि मास्कमुळे कोण बोलतंय ते पण नीट कळत नाही. अशांना थांबवून ठेवू नका. गेटवर एकाने नाव सांगून आपला कोपर पुढे करायचा, त्यांनी तो धरून चालायचं, खुर्चीच्या पाठीवर त्यांचा हात टेकवायचा, मग दोघांचे हात स्वच्छ. पहिल्या लाटेत अंध माणसांना हात द्यायला लोक घाबरत होते, हे डोळ्यांच्या दवाखान्यात तरी होऊ नये.

सॅनिटायझरची बाटली कमरेच्या उंचीवर ठेवतात, ती लहान मुलाच्या बरोबर तोंडासमोर येते, पायाने दाबायच्या स्टँडची तर धारच डोळ्यात उडते. मुलं येतात तिथे ती वर ठेवा आणि मोठ्यांनीच हातावर घालून द्या. आणि जंतू मारायचे म्हणून यूव्ही लाइट लावलेत तर खोलीत कुणी नसतानाच लावायचे, त्या उजेडात काम केलं की रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं होऊन माणूस तळमळतो.

अंधारी खोली आणि स्लिट लॅम्प

आपली तपासणीची खोली मुद्दाम खिडक्या बुजवून केलेली असते, ती आधी उघडा. खिडकी उघडी आणि त्यावर जाड काळा पडदा थोडा पुढे टांगून, असं केलं की अंधारही राहतो आणि हवाही फिरते. समोरच्या भिंतीत एक्झॉस्ट फॅन बसवा, दीड-दोन हजारांचं काम आहे. एसी बंद. उन्हाळ्यात पीपीई घालून एसीशिवाय जीव नकोसा होतो हे मान्य, त्यापेक्षा तास-दीड तासाचे छोटे टप्पे करा, मध्ये खोली रिकामी ठेवा.

स्लिट लॅम्पला शील्ड हवंच. कंपनीचं मिळालं तर उत्तम, नाहीतर जुनी एक्स-रे फिल्म धुऊन स्वच्छ करून किंवा ओएचपी शीट घेऊन आयपीसच्या मापाची दोन भोकं पाडायची आणि अडकवायची, मोठ्यात मोठं करा, हनुवटीच्या खालपर्यंत येईल असं. शील्ड म्हणजे मास्कला पर्याय नाही, दोन्ही पाहिजेत, आणि प्रत्येक पेशंटनंतर आपल्या बाजूने आणि त्याच्या बाजूने पुसायचं. हिस्टरी आधी लांब बसवून घ्यायची, आणि एकदा कपाळ पट्टीला लागलं की कुणीच बोलायचं नाही, पेशंट पण नाही, आपण पण नाही. हे जमायला वेळ लागतो, आजी मध्येच सुनेबद्दल सांगायला लागतात, मग हळूच हात वर करून थांबवायचं, उठल्यावर सगळं ऐकून घ्यायचं.

पेशंटच्या मास्कची वरची कड मायक्रोपोर चिकटपट्टीने नाकावर चिकटवा. एक तर वाफ वर येत नाही, पडदा बघायची ९० डीची लेन्स धुरकट होत नाही, बाजूची नजर तपासायची फील्ड टेस्ट पण खोटी खराब येत नाही, आणि इंजेक्शन देताना तोंडातले जंतू डोळ्याकडे जात नाहीत. पडदा अगदी जवळून बघायचा हातातला डायरेक्ट ऑफ्थाल्मोस्कोप सरळ कपाटात ठेवा, गालाला गाल लावून तपासायचे हे दिवस नाहीत, २० डीची लेन्स घेऊन डोक्यावर लावायच्या इनडायरेक्ट ऑफ्थाल्मोस्कोपने हातभर अंतरावरून बघा.

प्रेशरचं जरा काळजीने. हवेचा झोत मारणारं मशीन बंद ठेवा, त्या झोताने अश्रूंचे बारीक तुषार उडतात. टोक बुबुळाला टेकवून प्रेशर मोजणारं गोल्डमन वापरा, किंवा एकदाच वापरायचं टोक असलेलं रीबाउंड टोनोमीटर. गोल्डमनचं टोक नुसतं स्पिरिटने पुसून करोनाच्या विषाणूचं काम भागतं, पण डोळे येण्याच्या साथीतले ॲडिनोव्हायरस, एंटेरोव्हायरस स्पिरिटला पुरेशी दाद देत नाहीत. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदी-पुण्याच्या बाजूला डोळे आले होते सगळ्यांचे, ती साथ आठवा. म्हणून हायपोच वापरा, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, अर्ध्या टक्क्याचं, पाच मिनिटं बुडवून. कॅनवर किती टक्के लिहिलंय ते वाचून पातळ करा, ५ टक्क्यांचं असेल तर एक भाग हायपो आणि नऊ भाग पाणी, रोज सकाळी ताजं, कारण ठेवलं की त्याचा जोर उतरतो. बुडवून काढलं की स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा आणि कोरडं होऊ द्या, उरलेला हायपो बुबुळ जाळतो. टोकाला तडा गेलाय का ते पण अधूनमधून स्लिट लॅम्पखाली बघा. मशीनच्या धातूला मात्र हायपो लावू नका, गंजतं, तिथे ७० टक्क्यांचं अल्कोहोल.

चष्म्याच्या फ्रेम्स ग्राहकाने हात लावला की वेगळ्या ट्रेमध्ये, साबणाच्या पाण्याने धुऊनच परत रॅकवर. काही प्लास्टिक फ्रेमचा रंग स्पिरिटने उडतो.

इंजेक्शन, लेझर, ऑपरेशन

म्हातारपणी पडद्याचा मधला भाग खराब होतो, त्यातला पडद्याखालच्या रक्तवाहिन्या गळणारा जो वेट प्रकार, त्याची इंजेक्शनं थांबवू नका. दरवेळी ओसीटी (पडद्याचा स्कॅन), मग पुन्हा तारीख, मग इंजेक्शन असे तीन हेलपाटे नकोत, ठरलेल्या अंतराने बोलवा, नजर बघा, इंजेक्शन द्या, तासाभरात माणूस घरी. शुगरमुळे पडद्याला आलेल्या सुजेला काही आठवडे थांबता येतं, त्यात शुगर-बीपी आटोक्यात आणायचं काम फोनवर करा. आणि शुगरने पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या आल्या असतील तर नुसत्या इंजेक्शनवर ठेवू नका, लेझर पूर्ण करून टाका. पुढच्या महिन्यात गाव सील झालं आणि पेशंट वर्षभर आलाच नाही, तर इंजेक्शनचा परिणाम उतरून जातो, लेझरचा राहतो.

मोतीबिंदूत आधी कोण, तर दुसऱ्या डोळ्याने न दिसणारे, दोन्ही पिकलेले, आणि फुगून प्रेशर वाढलेले. भूल थेंबांची किंवा इंजेक्शनची, पूर्ण भूल शक्यतो टाळायची. पोव्हिडोन आयोडीन ५ टक्के डोळ्यात तीन मिनिटं घड्याळ लावून, हे तसंही करतोच. फेको (अल्ट्रासाउंडने मोतीबिंदू फोडून काढायचं ऑपरेशन) करताना बुबुळावर एचपीएमसीचा, म्हणजे घट्ट जेलचा थर ठेवला तर तुषार फार कमी उडतात, स्वस्तातला उपाय आहे. ऑपरेशननंतरच्या फेऱ्या कमी करा, दुसऱ्या दिवशी बघून मग व्हिडिओ कॉल, पण दुखणं, चिपडं, नजर कमी होणं यातलं काही झालं तर त्याच दिवशी या, हे घरातल्या दोन माणसांना सांगून आणि कागदावर लिहून द्या.

लॉकडाऊनमध्ये नेत्रदान जवळजवळ थांबलं होतं, ताजं बुबुळ मिळत नव्हतं. जखमेने बुबुळ फुटलेल्या पेशंटला ग्लिसरीनमध्ये ठेवलेलं बुबुळ लावून निदान डोळा वाचवता येतो, नजरेसाठीचं ऑपरेशन पुढे करता येतं. त्यामुळे तुमच्या भागातल्या आयबँकेकडे असा साठा आहे का, हे आधीच विचारून ठेवा.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांना तर लॉकडाऊन कळत नाही. ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या खाली जन्मलेल्या बाळाचा पडदा ३० व्या दिवसाच्या आत तपासलाच पाहिजे, अगदी लहान बाळांचा दोन-तीन आठवड्यांतच, आणि उपचार लागला तर दोन-तीन दिवसांत. बालरोगतज्ज्ञांकडून आठवड्याला यादी मागवा आणि आपणच एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) जा, बाळंतीण बाई आणि इवलंसं बाळ यांना ओपीडीत बोलवू नका. इथे उशीर झाला तर ते मूल सबंध आयुष्य अंधारात काढतं, आणि आपण एक गाडी काढून गेलो असतो तर ते टळलं असतं.

म्युकरमधून शिकलेलं

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत आपल्याकडे म्युकरचं, म्हणजे काळ्या बुरशीचं जे झालं ते अजून अंगावर काटा आणतं. करोनातून बरा होऊन घरी गेलेला माणूस आठ-पंधरा दिवसांत गाल बधिर, डोळा सुजलेला, पापणी पडलेली, असा परत यायचा. मे २०२१ मध्ये केंद्राने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितला, त्यावरचं अँफोटेरिसिन हे औषध बाजारात मिळेना. देशभरातल्या नेत्रतज्ज्ञांनी मिळून २८२६ पेशंटची माहिती गोळा केली, त्यात ७८ टक्क्यांना मधुमेह होता, ८७ टक्क्यांनी स्टेरॉइड घेतलं होतं, आणि सर्वात जास्त पेशंट गुजरात आणि महाराष्ट्रातले.

पुढची साथ कुठलीही असो, तिच्यात स्टेरॉइड वापरलं जात असेल आणि गावात शुगर असेल, तर तयारीत राहा. साथीच्या वॉर्डातून डिस्चार्ज होणाऱ्या प्रत्येकाच्या हातात छोटा कागद द्या: गाल किंवा कपाळ दुखणं, बधिरपणा, नाकातून काळा किंवा रक्ताळलेला स्राव, दात हलणं, टाळूवर काळा डाग, पापणी सुजणं-पडणं, दोन दिसणं, यातलं एकही असेल तर त्याच दिवशी दाखवा. असा पेशंट आला की जागच्या जागी पाच गोष्टी बघायच्या, नजर, बाहुलीची हालचाल, डोळा चारी दिशांना फिरतो का, पुढे आलाय का, आणि कापसाच्या टोकाने दोन्ही गालांची संवेदना. मग लगेच शुगर, आणि स्वतः फोन करून नाक-कान-घसा डॉक्टरकडे पाठवायचं, नाकातून सँपल, एमआरआय. सुजलेला डोळा म्हणून अँटिबायोटिक देऊन दोन दिवसांनी या असं म्हणू नका, दोन दिवसांत बुरशी डोळ्याच्या खोबणीतून मेंदूकडे सरकते.

डोळा काढावा लागेल हे सांगायची वेळ आली तर घरातल्या एकालाच कोपऱ्यात घेऊन सांगू नका. पेशंट शुद्धीवर असेल तर त्याला स्वतःला, बसून, सावकाश सांगा, आणि नंतर कृत्रिम डोळ्याचं काय करता येतं ते पण त्याच वेळी सांगा. आमच्या भागातल्या एका बाईंनी सगळं ऐकून एवढंच विचारलं की उरलेल्या डोळ्याने शिलाई मशीन चालवता येईल का. येतं. हे उत्तर आपल्याकडे तयार पाहिजे.

स्टाफ आणि मागे राहिलेले पेशंट

स्टाफच्या दोन टीम करा ज्या एकमेकांना भेटत नाहीत, म्हणजे एकाला लागण झाली तरी दवाखाना चालू राहतो. एन-९५ कमी असतील तर प्रत्येकाला पाच, पाच कागदी पिशव्यांवर वार लिहून, आजचा वापरून झाला की त्याच वाराच्या पिशवीत, पाळीपाळीने. फाटला, ओला झाला की फेकायचा. मावशींना पण तोच मास्क जो डॉक्टरला, वापरलेले टिश्यू आणि टोकं त्याच उचलतात. पगार कापायची वेळ आली तर आधी आपला.

मागे राहिलेल्यांसाठी साथ संपायची वाट बघू नका, पहिल्या आठवड्यातच एक रजिस्टर उघडा. नाव, मोबाइल, शेजाऱ्याचा मोबाइल, आजार, कोणता डोळा, पुढची तारीख, आणि शेवटच्या रकान्यात तारीख चुकली तर नुकसान किती, लाल-पिवळा-हिरवा टिकल्या लावून. दर शुक्रवारी सिस्टरने लाल टिकलीवाल्यांना फोन करायचा. लागला नाही तर शेजाऱ्याला, तोही नाही तर गावच्या आशाताईंना. रस्ते उघडले की पहिले दोन आठवडे फक्त लाल टिकल्या बोलवायच्या, चष्म्याचे नंबर त्यानंतर.